रिकाम्या ओव्हनचं कुलूप

आमच्या ओव्हनने रात्री दार लावून घेतलं आणि सकाळी उघडायचं नाव घेईना. आत काही म्हणजे काही नव्हतं. जाळ्यासुद्धा मी आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवल्या होत्या. दाराचा दांडा धरून माझी ओढाताण चालली होती, तेवढ्यात मुलगी दात घासत घासत आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली.

"बाबा, आत काय अडकलंय?"

"काही नाही."

"मग उघडायचंय कशाला?"

ती चूळ भरायला निघून गेली. तिचं बरोबर होतं. त्या दिवशी ओव्हनचं काही काम नव्हतं. आदल्या दिवशी तरी कुठे होतं? तो नुसता स्वच्छ करायचा होता, आणि तेही मला हात न लावता.

हात न लावता म्हणजे सेल्फ क्लीन. ऐकायला सोज्वळ वाटतं, पण प्रकार भलताच आडदांड आहे. ओव्हन साबणपाण्याच्या वाटेला जात नाही, स्वतःलाच तापवत सुटतो. रोजच्या वापरात अडीचशे अंशांपर्यंत गेला तरी खूप झालं. इथे आतलं तापमान ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं आणि दोनेक तास तिथेच राहतं. भिंतींवर उडालेलं, करपून काळं झालेलं, घासणीला दाद न देणारं सगळं जळून जातं आणि तळाशी चिमूटभर राखाडी राख उरते. ती ओल्या फडक्याने टिपली की झालं. जनरल इलेक्ट्रिकने असा ओव्हन १९६३ साली बाजारात आणला. एवढ्या धगीत कुणी दार उघडलं, तर आत धुमसणाऱ्या तेलकटाला एकदम हवा मिळून भडका उडू शकतो. म्हणून आधी दाराला कुलूप बसतं, आणि आतलं तापमान साधारण तीनशे अंशांच्या खाली आल्याशिवाय ते निघत नाही. कंपनीगणिक आकडा मागेपुढे होतो, शिस्त तीच.

इथवर मला ओव्हनबद्दल आदरच होता. पण सकाळी काचेला हात लावून पाहिला तर ती माझ्या हातापेक्षा गार होती. पडद्यावर एक अक्षर, एक आकडा आणि शेजारी बारीकसं कुलपाचं चित्र. अक्षर-आकड्यांची ही सांकेतिक भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून माहितीपुस्तिका शोधून काढली. तिच्यात लिहिलं होतं, 'दाराच्या कुलपात बिघाड.' एवढं मलाही दिसत होतं.

त्या चित्रावर मी अर्धा तास घालवला. बटणांना लावायचं चाइल्ड लॉक आणि दाराचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींसाठी चित्र मात्र जवळपास सारखंच काढायचं, हे ज्याला सुचलं त्याला एकदा भेटायचंय. बटण काही सेकंद दाबून धरल्यावर चित्र गेलं. दार होतं तिथेच.

मग वाटलं, वीजच काढून घ्यावी. वीज गेली की कुलूप मुकाट्याने सुटेल, असा माझा हिशेब. एमसीबी खाली केला, दहा मिनिटं थांबलो, दांडा ओढला. ढिम्म. हे कुलूप बंद राहायला वीज लागतच नाही. वीज लागते ती हलायला. ऐन भट्टी पेटलेली असताना वीज गेली, तर दार मोकळं सुटू नये म्हणून ही सोय. विचार चांगलाच आहे, फक्त त्या क्षणी मला कौतुक करायचं सुचलं नाही.

एमसीबी वर केला. ओव्हनच्या पोटातून आवाज आला. घर्रर्र... टक. घर्रर्र... टक. असं तीन-चारदा झालं आणि पुन्हा तेच अक्षर, तोच आकडा. मी पुन्हा वीज घालवली, पुन्हा आणली. पुन्हा घर्रर्र, टक. मोटर गेली, असा निकाल मी देऊन टाकला. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती न वळताच म्हणाली, "अरे, ते उघडतंय."

"कुठे उघडतंय?"

"उघडतंय आणि परत लागतंय. नीट ऐक ना."

मी ऐकलं, आणि मला ओव्हनची दयाच आली. त्या कुलपात एक लहानशी मोटर असते, जात्याच्या गतीने फिरणारी. तिच्या दांड्यावर एक वेडीवाकडी चकती असते. चकती अर्धा फेरा फिरली की दाराला धरणारा आकडा, म्हणजे हुक, पुढे येतो, उरलेला अर्धा फिरली की मागे जातो. आकडा कुठे पोचलाय हे मोटरला कळत नाही, ओव्हनच्या मेंदूलाही दिसत नाही. त्यासाठी चकतीच्या कडेला दोन चिमुकले स्विच बसवलेले असतात. चकतीचा उंचवटा त्यांचं बटण दाबतो तेव्हा एक स्विच सांगतो, 'लागलं', दुसरा सांगतो, 'उघडलं'. आमच्याकडचा दुसरा मुका झाला होता. म्हणजे कुलूप दर फेऱ्याला उघडत होतं, पण उघडलं असं कुणी सांगत नव्हतं, म्हणून मोटर बिचारी पुढे फिरत होती आणि उघडलेलं स्वतःच्या हाताने पुन्हा लावत होती. तीन-चार फेऱ्यांनी थकून तक्रार लिहीत होती. आणि मी शिव्या देत होतो मोटरला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"आणि तू ओढतोयस कशाला?" बायको आता हात पुसत आली होती. "आत ढकल. ओढल्यावर तो आकडा आणखीनच आवळणार ना?"

हेही खरं होतं. दार ओढलं की सगळा ताण आकड्यावर येतो आणि त्याला मागे सरकायला जागा राहत नाही. मग आम्ही कामं वाटून घेतली. मी एमसीबीपाशी, ती दारापाशी, मुलगी मध्ये उभी राहून निरोप पोचवायला. मी वीज सोडली. बायकोने गुडघ्याने दार आत दाबून धरलं. घर्रर्र. "अजून नाही," मुलगी ओरडली. टक. बायकोने दांडा खेचला आणि दार उघडलं.

आत राख होती. चिमूटभर, सांगितल्याप्रमाणे.

आनंद मोजून पाच सेकंद टिकला, कारण मोटर थांबली नव्हती. दार उघडं असताना आकडा पुन्हा पुढे आला आणि तिथेच थांबला. आता दार लागेना. सकाळपासून न उघडणारं दार आता जबड्यासारखं वासून राहिलं, आणि घरात सगळ्यांना जास्त हसू याचंच आलं.

बाकीचं काम थंडपणे झालं. वीज पूर्ण बंद केली, ओव्हन पुढे ओढला, मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. (यातले दोन कधीच परत बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे.) आत मोटर, चकती आणि पुढच्या आकड्यापर्यंत गेलेली लांब सळई दिसली. चकती हाताने फिरवली तसा आकडा मागे गेला. वायरी कुठून कुठे जातात त्याचा आधी फोटो काढून ठेवला, मग स्विचकडे वळलो. दोन्ही दिसायला जुळे, नखाएवढं लाल बटण असलेले. पहिल्याचं बटण दाबलं, टिक. सोडलं, टिक. दुसऱ्याचं दाबलं तर ते लोण्यात बोट जावं तसं आत गेलं, आवाज नाही. मल्टीमीटर लावून पाहिला. पहिल्याला बझर वाजला, दुसऱ्याला नाही. पाचशे अंशांच्या शेजारी राहून कुणाचाही आवाज बसेल.

चार दिवसांनी नवा स्विच आला. बसवायला वीस मिनिटं लागली, पत्रा बसवायला तास. वीज सोडल्यावर घर्रर्र झालं, एकदाच टक झालं आणि पडदा कोरा झाला. मुलीने दार सहा वेळा उघडून लावून पाहिलं.

जुना स्विच अजून माझ्या टेबलावर आहे. काम सुचेनासं झालं की मी ते लाल बटण दाबत बसतो. परवा फोनवर बोलता बोलता असंच दाबत होतो, आणि त्यातून स्वच्छ आवाज आला, टिक.

मी फोन बाजूला ठेवून पुन्हा दाबलं. नाही आला.