तीळ कशामुळं येतात, आणि आधी कुठं बघायचं

लातूरला मी त्वचारोगांचा दवाखाना चालवते. नायटा दाखवायला आलेला माणूस चिठ्ठी घेऊन उठता उठता गालावर बोट ठेवतो आणि विचारतो, "मॅडम, हे तीळ कशामुळं येतेत हो? जाळून टाकला तर चालतंय का?" दारात पुढचा पेशंट उभा असतो, म्हणून उत्तर अर्धवट राहतं. तीळ कशामुळं येतात आणि ते निरोगी कसे ठेवायचे, हे तुम्हीही विचारलंत, म्हणून ते उत्तर इथं सवडीनं देते.

कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन बनवतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. एरवी त्या एकेकट्या, अंतर राखून असतात. कधी त्यातल्या एखादीच्या जनुकात बदल होतो, बहुतेक वेळा बीआरएएफ नावाच्या, आणि ती वाढायला लागते. एकीच्या अनेक होतात, पुंजका जमतो. मग शरीर स्वतःच ती वाढ थांबवतं. असा वाढून थांबलेला पुंजका म्हणजे तीळ. तिशी-चाळिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात, उतारवयात काही फिके पडतात, काही पार जातात. किती यायचे हे बरंचसं आईबापांकडून येतं, काही अंशी लहानपणी लागलेल्या उन्हावर ठरतं.

१०० बाळांत साधारण एक बाळ तीळ घेऊनच जन्माला येतं. आमच्याकडं त्याचा दोष थेट बाळंतिणीवर जातो. ग्रहणात विळी धरली असेल, काहीतरी चिरलं असेल. सासूबाई हे सुनेच्या देखत मला सांगतात आणि ती पोर मान खाली घालून बसते. मला ते बघवत नाही. तो बदल गर्भातल्या एका पेशीत आपोआप होतो. ग्रहणाशी, विळीशी, आईच्या वागण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे मी सासूबाईंकडं बघूनच सांगते, घरी जाऊन पुन्हा तेच बोलणं होऊ नये म्हणून. जन्मखूण फार मोठी असेल, पाठ किंवा मांडी व्यापणारी, तर मात्र बाळाला वेळेवर दाखवून ठेवा, कारण तिच्यात पुढं बिघाड होण्याची शक्यता जास्त असते.

मावश्यांच्या गालांवर, डोळ्यांखाली वयानुसार येणारे बारीक काळे दाणे हे तीळ नव्हेत. ते घराण्यात चालत येतात, त्रास देत नाहीत. मानेला लोंबणारी चामखीळही वेगळी. मानेची कातडी काळी, जाडसर झाली असेल आणि चामखिळी वाढत असतील तर एकदा साखर तपासा.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. तुम्ही चेहऱ्यावरचा तीळ दाखवता, तळपाय कुणी दाखवत नाही. रंगपेशींचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, आपल्याकडं दुर्मीळ आहे, सावळ्या कातडीला मेलॅनिनचं राखण असतं. पण आपल्याला तो होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथं ऊन फारसं पोचत नाही. आणि शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळपायावर काळा डाग दिसला की घरचे म्हणतात काटा मोडलाय, नाहीतर कुरूप आहे. मग बिब्बा तापवून लावतात. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतो, वर त्याचाच काळा डाग पडतो आणि मूळचा डाग त्याखाली हरवतो. एक शेतकरी काका माझ्याकडं आले तेव्हा टाचेवरची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती आणि जांघेत गाठ आली होती. डाग घरातल्या सगळ्यांनी पाहिलेला होता. बिब्ब्याच्या आधी कुणी आणलं असतं तर उपचार कितीतरी सोपा झाला असता.

नखाचंही असंच. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलची इजा समजला गेला. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा निघाला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी मार्ली गेला. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकत जातं. एकाच नखावरची उभी काळी पट्टी सरकत नसेल, रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाच्या बुडाशी कातडीत उतरला असेल, तर थांबू नका. बऱ्याच नखांवर बारीक पट्ट्या असणं मात्र सावळ्या लोकांत नेहमीचं आहे.

तीळ निरोगी ठेवायला वेगळं मलम लागत नाही, लक्ष लागतं. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर बघा. बोटांच्या बेचक्याही बघा, पाठ घरातल्या कुणाला तरी बघू द्या. एक बाजू दुसरीसारखी नाही, कडा वेड्यावाकड्या, एकातच दोन-तीन रंग, आकार ६ मिलीमीटरच्या वर, ही लक्षणं आहेतच. पण सगळ्यात महत्त्वाचा तो बदल. जो तीळ वाढतोय, खाजतोय, आपोआप रक्त येतंय, किंवा बाकीच्या तिळांपेक्षा निराळाच दिसतोय, तो दाखवायचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढला तर पुढच्या वेळी फरक कळतो. तिळावर केस असतील तर घाबरू नका, कात्रीनं कापले तरी चालतात. उन्हासाठी सोयाबीन काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर फुल बाह्यांचा शर्ट घालतात, ते अगदी बरोबर आहे. पोरांनाही शेतात तसंच न्या.

आणि जाळण्याचं. चुना-सोडा लावून तीळ जाळू नका. व्रण राहतो हे एक, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे जळलेल्या तिळात काय होतं ते कधीच कळत नाही. मला वरून संशयास्पद वाटलेला तीळ मी लेझरनंही जाळत नाही. जागा बधिर करून पूर्ण कापून काढते आणि तुकडा पॅथॉलॉजीला पाठवते. कुठंही काढून घेतलात तरी "तपासायला पाठवणार का?" एवढं आधी विचारा, आणि तो रिपोर्ट टाकून देऊ नका.