राखणीची बंदूक: आधी नळी बघा

काजू-आंब्याच्या बागेसाठी नाहीतर भाताच्या राखणीसाठी कोकणात परवान्याची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. कुठे ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, कुठे काडतुसाची बारा बोअरची. नवख्याला सगळे घाईने नेम धरायला शिकवतात. त्याआधी नळी तपासायला शिकवा.

बंदूक कोणाच्याही हातून येवो, अगदी निवडणुकीत जमा करून पोलीस ठाण्यातून परत आलेली असो, ती भरलेलीच आहे असं धरायचं. तोंड माणसांपासून दूर, मऊ मातीकडे. जांभ्याच्या कातळाकडे नको, छरा उसळतो. बोट चापाला लावायचं नाही.

दुनळीचा वरचा खटका अंगठ्याने सरकवला की ती मधून वाकून उघडते. काडतुसं काढा आणि दोन्ही नळ्या मागच्या बाजूने उजेडाकडे धरून एकेक करून बघा. आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. महिनाभर कोपऱ्यात उभी राहिलेल्या बंदुकीत कुंभारीण मातीचं घर करते, कधी साफ करताना चिंधी अडकून राहते. एवढ्याशा अडथळ्यानेही नळी फुगते किंवा फाटते, आणि ती फाटते तिथे बहुधा आपला डावा हात असतो. वीस बोअरचं काडतूस बाराच्या खिशात चुकूनही ठेवू नका. ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं काडतूस बसतं आणि बार काढला की नळीच्या चिंधड्या होतात. वीसचं काडतूस हल्ली पिवळं करतात ते याचसाठी.

ठासणीच्या नळीतून आरपार दिसत नाही. तिथे गज, म्हणजे दारू ठासायची सळी, कामाला येतो. आधी केप, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणारी छोटी टोपी, काढा. मग गज नळीच्या बाहेरून, तोंडापासून केप बसते तिथपर्यंत लावून मापा आणि त्यावर खूण करा. आता तोच गज हळूच आत सोडा. खूण तोंडाच्या बरीच वर राहिली तर आत बार आहे. हे करताना तोंडावर तळहात किंवा चेहरा आणायचा नाही. भरलेल्यावर पुन्हा भरणं हा ठासणीच्या बंदुकीचा जुना घात आहे. केप नेहमी सगळ्यात शेवटी, आणि दारूजवळ विडी नाही.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर तोंड तसंच सुरक्षित दिशेला धरून काडतुसाच्या बंदुकीला निदान अर्धा मिनिट, ठासणीला त्याहून जास्त थांबा. दारू कधी कधी उशिरा पेटते. नुसतं ‘फुस्स’ झालं तर दारू आणि छऱ्यांमधलं बूच नळीतच राहिलेलं असू शकतं. उघडून आरपार बघितल्याशिवाय दुसरं काडतूस घालू नका.

गडगा ओलांडताना, माळ्यावर चढताना, वहाळ उतरताना काडतुसं खिशात. सेफ्टीवर विसंबू नका. बऱ्याच दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, घोडे अडवत नाही. बंदूक आपटली की बार होऊ शकतो.

रात्री झाडी हलली म्हणून बार काढणं हा वेडेपणा आहे. पलीकडून शेजारचा राखणदारच येत असेल. बॅटरीच्या उजेडात अख्खं जनावर आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही दिसलं पाहिजे. सहा नंबरचा बारीक छरा दोनेकशे मीटर जातो, एसजी हा मोठा छरा पाचशेच्याही पुढे. म्हणजे पलीकडची वाडीही टप्प्यात येते.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरासाठीसुद्धा वन विभागाची परवानगी लागते. लग्नात किंवा मिरवणुकीत कोणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवा, किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळ्यात दर आठवड्याला नळीला पातळ तेलाचा हात फिरवा. बार काढण्याआधी मात्र कोरड्या चिंधीने ते पुसून घ्या. फुगलेलं किंवा पितळेला हिरवा गंज चढलेलं काडतूस नळीत घालू नका.