तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातली दोन बायबलं

मी प्रोटेस्टंट, बायको वसईकडची कॅथलिक. भायखळ्यात आमच्याकडे कोणी चहाला आलं की प्रश्न ठरलेला: ‘येशू एक, बायबल एक, मग तुमचं वाजतं कशावरून?’

बायबल एक, हे तितकंसं खरं नाही. माझ्या बायबलात 66 पुस्तकं, तिच्या 73. जास्तीच्या सातांपैकी मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. लढाईत पडलेल्यांना पुरायला गेले, तर त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत निघाले. यहुद्यांचा सेनापती यहूदा याने सैनिकांकडून वर्गणी काढली आणि दोन हजार द्राखमा चांदी यरुशलेमला पाठवली, या मेलेल्यांच्या पापासाठी अर्पण करा म्हणून. मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना), शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था), या सगळ्याचा आधार सासरची मंडळी इथे दाखवतात. आमचे पाळकसाहेब म्हणणार, पुस्तकच आमचं नाही, तर आधार कसला?

मग ही पुस्तकं घातली कोणी नि काढली कोणी? आमच्याकडे सर्रास सांगतात, कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्ये घुसडली. तिच्या माहेरी ऐकायला मिळतं, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने फाडून टाकली. दोन्ही थापा. 397 मधल्या कार्थेजच्या चर्च-परिषदेच्या यादीत ती आहेत. पण त्याच काळात लॅटिन भाषांतर करणारा जेरोम त्यांना हिब्रू शास्त्राच्या पंक्तीला बसवायला तयार नव्हता. आणि लूथरच्या 1534 च्या जर्मन बायबलात ती चक्क छापलेली आहेत, जुना करार आणि नवा करार या बायबलच्या दोन भागांच्या मध्ये वेगळी काढून: शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला चांगली.

सालांचा वादही असाच. मरियामाता सदेह स्वर्गात घेतली गेली, हे पोपनी 1950 मध्ये जाहीर केलं, म्हणून आमचे लोक त्याला ‘परवाचा शोध’ म्हणतात. पण तो 15 ऑगस्टचा सण (हो, झेंडावंदनाच्याच दिवशी) सातव्या शतकातही पाळत होते. जाहीर झाल्याच्या सालावरच जोखायचं तर पुत्र, म्हणजे येशू, देवपित्याशी एकतत्त्व आहे, हे निकायाच्या चर्च-परिषदेत 325 मध्ये ठरलं. ते सोडणार का आम्ही? अर्थात सण जुना म्हणून शिकवण थेट प्रेषितांची, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांची, हेही मला मान्य नाही. मरियेच्या अखेरीबद्दल नव्या करारात अवाक्षर नाही.

असं म्हटलं की बायको विचारते, ‘नव्या करारात 27च पुस्तकं, हे तरी नव्या करारात कुठे लिहिलंय?’ नेमकी ती 27 मोजून देणारी जुन्यात जुनी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 च्या पत्रातली. आमचं उत्तर असं की चर्चने यादी बनवली नाही, नुसती ओळखली. मला ते पटतं. ‘ओळखली कोणी, चर्चनेच ना?’ हा तिचा मुद्दा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.