किरायाचं घर दुपारी बघा

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की गावाकडून फोन सुरू होतात. "भाऊ, लेकरांच्या शाळेसाठी दर्यापूरला यायचं म्हणतो. माय-बाप धरून सात माणसं. किरायानं घर पाहिजे, काय काय बघू?" मी बरीच वर्षं इथं, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात, एका लेआउटमध्ये किरायानंच राहतो, म्हणून मला विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

खोल्या नंतर मोजा, आधी पाणी बघा. आपला हा पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं पाणी धुण्याभांड्यांपुरतं, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कूलरमध्ये तेच ओतलं तर उन्हाळा संपेपर्यंत जाळ्यांवर पांढरा थर बसतो. पिण्याचं पाणी शहानूर धरणाचं, नळानं येणारं. 'नळ आहे का' असं घरमालकाला विचारूच नका, आहे म्हणेल. नळ किती दिवसांआड येतो आणि टाकं केवढं आहे, ते विचारा. मग शेजारच्या काकूंनाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर काकूंचं खरं धरा.

लोक घर बघायला संध्याकाळी जातात, ऊन उतरल्यावर. तेव्हा कोणतंही घर बरंच वाटतं. तुम्ही दुपारी तीनला जा. वैशाखात पारा ४५ च्या आसपास असतो आणि वर उघडा स्लॅब. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. हात ठेववत नसेल तर त्या खोलीत म्हाताऱ्यांची खाट टाकता येणार नाही, आणि बहुतेक घरांत तीच खोली उरलेली असते. कूलर कोणत्या खिडकीला बसेल, तेही बघा. समोरून हवा बाहेर जायला दुसरी खिडकी नसेल तर रात्रभर नुसतं दमट होतं, अंथरूण चिकटतं.

दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात का, बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरच्या भिंती तडकतात. नुसती भेग दिसली म्हणून पळू नका, पण पुट्टी भरून पुन्हा उघडलेली असेल तर विचार करा. रस्त्यावर मुरूम पडलाय का, तेही बघा. नाहीतर जुलैत मडगार्डमध्ये माती अडकून गाडीचं चाक फिरत नाही आणि लेकरं चपला हातात घेऊन शाळेत जातात.

विजेचं मीटर वेगळंच हवं. युनिटं शंभराच्या वर गेली की दर चढतो, तीनशेच्या वर आणखी चढतो. मालक आणि तुम्ही एकाच मीटरवर असाल तर दोघांची युनिटं मिळून वरच्या दरात जातात, आणि भांडण तुमच्या कूलरवरून होतं.

करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकाला हसत हसत सांगितलं की तोही कागद करायला तयार होतो.

आता माणसांचं. "फॅमिलीलाच देतो" असं सगळेच मालक म्हणतात, पण त्यांच्या मनातली फॅमिली चौघांची असते. सात म्हटलं की चेहरा उतरतो. त्यांना धास्ती संडासाच्या टाकीची आणि पाण्याची असते, तुमची नाही. तरी आकडा लपवू नका. दवाखान्यासाठी गावाकडून कोणी आलं तर मुक्कामी राहील, हेही आधीच सांगा. पाहुण्यांवरून बारा महिने टोमणे ऐकण्यापेक्षा एखादं घर हातचं गेलेलं परवडतं.

पाट्या शोधत फिरू नका, इथं फारशा लागतच नाहीत. नोकरदारांच्या बदल्या झाल्या की घरं सुटतात. लेआउटच्या तोंडाशी जे किराणा दुकान असेल तिथं विचारा. उधारी चुकती करायला कोण आलं, ते दुकानदाराला मालकाच्याही आधी कळतं.