शिरगणतीपासून गल्ल्यापर्यंत: आमची वाटचाल

ठाणे जिल्ह्यात मुक्कामाचं पर्यटन कमी, सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पाहुणे जास्त. टिटवाळ्याचा महागणपती, शके 982 चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर, ऐरोलीची फ्लेमिंगो सफर, पावसाळ्यातला माळशेज, सगळीकडे हेच चित्र. हॉटेलांच्या खोल्या मोजून इथला हिशेब लागत नाही. अशा पाहुण्यांच्या सवयी आणि त्यांच्या खर्चाचा गावाला होणारा फायदा शोधणं, हे नौपाड्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं काम.

सुरुवातीला कामं यायची ती शिरगणतीची. त्याची रीत आजही तीच आहे. दारापाशी एक रेषा ठरवायची आणि फक्त बाहेर पडणारे मोजायचे. आत-बाहेर दोन्ही मोजलं की एकच माणूस दोनदा धरला जातो. दर तासातली 15 मिनिटं मोजायची आणि आकडा चारने गुणायचा. मोजणीदार दर तासाला बदलायचा, कारण दमलेला माणूस लहान मुलांना आधी गाळतो. दिवसांचे गट आधी पाडायचे: साधा वार, रविवार, संकष्टी, अंगारकी. अंगारकीच्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधला तर तो कितीतरी पट फुगतो.

शिरगणतीतून गर्दी कळते, पैसा कळत नाही. म्हणून मुलाखती आल्या, आणि खरं कौशल्य तिथेच लागतं. ‘कुठून आलात?’ असं विचारलं की कळव्यात राहणारा माणूस ‘सातारा’ सांगतो. त्याचं गाव सातारा असतं. म्हणून आम्ही विचारतो, ‘आज घरून कुठून निघालात? रात्री मुक्काम कुठे?’ आणि घरचा पिनकोड घेतो. नाव आणि फोन नंबर घेतच नाही. पिनकोडवरून स्थानिक आणि बाहेरचे वेगळे काढता येतात, आणि सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. तलावपाळीला संध्याकाळी फिरणारा ठाणेकर भेळ खातो, तो पैसा एरवीही ठाण्यातच खर्च झाला असता. गावाच्या कमाईत तो धरायचा नाही. पुण्याहून नातेवाइकांच्या लग्नाला आलेला आणि जाता जाता तलाव पाहणारा माणूसही धरायचा नाही, तो लग्नासाठीच आला होता.

मुलाखत कुठे घ्यायची, यावरही उत्तर बदलतं. उपवन तलावाच्या काठावर उभं राहिलं तर दोन तास बसणारे जास्त सापडतात, दहा मिनिटांत निघणारे निसटतात. मग थांबण्याची वेळ आणि खर्च दोन्ही फुगतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर दर ठरावीक क्रमांकाचा माणूस थांबवला तर हा दोष जातो. तरी मोठ्या कुटुंबातलं कुणी ना कुणी सापडण्याची शक्यता जास्तच राहते, म्हणून गटाची सरासरी काढताना प्रत्येक मुलाखतीला गटाच्या आकाराने भागायचं.

ऐरोलीला घड्याळ चालत नाही. बोटी भरतीवर सुटतात आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. ‘सकाळी दहा ते एक’ अशी पाळी लावली तर काही दिवस सगळा वेळ रिकामा जातो. कोळ्यांचा हिशेब इथे कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, अष्टमीला सहा वाजता. पाळ्या भरतीच्या तक्त्यावरून लावायच्या, हंगाम नोव्हेंबर ते मे. माळशेजच्या पाहणीत मोबाइलच्या ओल्या काचेवर हाताचं बोट चालत नाही, म्हणून तिथे कागद आणि पेन्सिलच. मुलाखतीही घाटात न घेता परतीच्या वाटेवर मुरबाडकडच्या धाब्यांवर घ्यायच्या, कारण खर्च तिथेच होतो. धबधब्यांवर पावसाळ्यात अनेकदा बंदीचे आदेश निघतात, ते आधी तपासायचे.

मुलाखती किती? ‘किती टक्के लोक रेल्वेने आले’ असं प्रमाण हवं असेल तर 95 टक्के खात्रीने आणि ±5 टक्के चुकीसह 385 पुरतात. खर्चाची सरासरी हवी असेल तर तेवढ्यातच चूक ±10 टक्क्यांच्या आसपास जाते, कारण कुणी वीस रुपये खर्चतो तर कुणी दोन हजार. चूक निम्मी करायची तर मुलाखती चौपट लागतात. ग्राहकांना हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो.

खर्च पूर्ण गटाचा विचारायचा, तोही सुटा-सुटा: प्रवास, पार्किंग, खाणं, पूजा-प्रसाद, खरेदी. यूपीआयवाल्यांना मोबाइल उघडून पाहायला सांगितलं की आकडे बरेच नेमके येतात. ‘शून्य’ आणि ‘उत्तर नाही’ हे वेगळे लिहायचे. रिकामी चौकट शून्य धरली की सरासरी खाली येते.

मग प्रश्न उरतो, यातला पैसा गावात किती राहतो? पेट्रोलच्या पैशातलं पंपचालकाचं कमिशन तेवढं इथे राहतं. रिक्षाचं भाडं बरंचसं राहतं. हाराच्या किमतीतला मोठा वाटा कल्याणच्या फूलबाजारात जातो, विक्रेत्याचा नफा आणि हार ओवणाऱ्या बाईची मजुरी टिटवाळ्यात राहते. हे शोधायला दुकानदारांकडे जावं लागतं. ‘महिन्याचा गल्ला किती?’ असं विचारलं की संवाद संपतो, समोरच्याला आम्ही करवाले वाटतो. ‘साध्या मंगळवारी नारळाच्या किती गोण्या लागतात, अंगारकीला किती? पावाच्या लाद्या किती?’ या प्रश्नांना मोकळेपणी उत्तरं मिळतात, आणि मालावरून रक्कम काढता येते. पाहुण्यांनी सांगितलेला खर्च आणि दुकानांनी सांगितलेला माल यांचा मेळ बसला की आमचा आकड्यावर भरवसा बसतो. मेळ नसेल तर अहवाल थांबतो.

पाहुण्याचा एक रुपया हातोहात फिरून एकूण किती रुपयांची उलाढाल करतो, तो आकडा म्हणजे गुणक. त्याबाबत आम्ही कडक आहोत. देशपातळीचा गुणक एका गावाला लावणं चूक आहे: क्षेत्र जितकं लहान, तितका पैसा लवकर बाहेर जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीची 2014-15 मधली देशांतर्गत पर्यटनाची 72 वी फेरी घरोघरी जाऊन झाली. तिच्यातून कुटुंबांच्या सवयी उत्तम कळतात, पण एखाद्या देवळाबाहेरच्या वीस दुकानांचं चित्र तिच्यात सापडणार नाही. म्हणून आमच्या अहवालात थेट खर्च आणि गावात राहणारी रक्कम आधी येते. गुणक वेगळ्या पानावर, किमान आणि कमाल अशा दोन टोकांत.

आता ग्राहक आमच्याकडे ‘गर्दी किती’ यापेक्षा ‘लोक लवकर का निघतात’ हे विचारायला येतात, याचं आम्हाला मनापासून समाधान आहे. प्रश्नावलीत म्हणूनच दोन ओळी कायमच्या आहेत: ‘आज इथे किती वेळ थांबलात?’ आणि ‘आणखी तासभर थांबायला काय हवं होतं?’ दुसऱ्या ओळीची उत्तरं तोंडी शब्दांत जशीच्या तशी लिहून घ्यायची, पर्याय वाचून दाखवायचे नाहीत, आणि बायकांची उत्तरं वेगळी मोजायची. स्वच्छतागृह, सावली आणि बसायची जागा यांची मागणी पुरुषांच्या उत्तरांत दबून जाते.