तुम्ही विचारलंत म्हणून: तीन फुटी टँकमध्ये कोणाबरोबर कोण?

"तुमच्याकडे ते पानासारखे, काचेसारखे आणि सापासारखे असे सगळे मासे एकत्र कसे काय राहतात हो? आम्हालापण असंच काहीतरी वेगळं ठेवायचंय, तीन फुटी टँक आहे, काय काय घेऊ सांगा ना." लिफ्टमध्ये, भिशीला, एकदा तर चक्क डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हे विचारून झालंय. मी दर वेळी "या घरी, निवांत सांगते" म्हणते. कोणी येत नाही, आणि पुढच्या महिन्यात फोन येतो की अहो सगळे मेले. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी तीन फुटी म्हणजे किती ते बघा. माझा टँक ३६ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच. गणिताने भरतात १५९ लिटर, पण खाली वाळू, वर मोकळी जागा, आत लाकूड, म्हणजे खरं पाणी फार तर १३०. दुकानातल्या दोन इंची पिल्लाला हा महाल वाटतो आणि आपल्यालाही तसंच वाटतं, तिथेच फसायला होतं. फायर ईल दुकानात पेन्सिलीएवढी असते आणि वाढली की एक मीटर. पंगास तर 'शार्क' म्हणून विकतात, तो त्याहून मोठा होतो. ब्लॅक घोस्ट नावाचा मासा दीड फुटाच्या पुढे जातो. दुकानदार म्हणतो टँकच्या मापाने वाढतो, मॅडम. नाही हो वाढत तसा, टँकच्या मापाने तो फक्त वाकडा होतो आणि लवकर मरतो. आणि झेपत नाही म्हणून कोणी नदीत, तलावात सोडून येत असेल तर कृपया नको. काचेला चिकटणारे सकर मासे असेच घराघरातून जाऊन आपल्या पाण्यात माजलेत.

पण तुमचा खरा प्रश्न मापाचा नाहीच, तुमचा प्रश्न असतो की कोण कोणाला खाईल, कोण भांडेल. मीसुद्धा आधी तेवढंच बघायचे. पाच वर्षांपूर्वी मी एक छोटी काटेरी ईल आणली, अंगावर पिवळट ठिपके-पट्टे, लांब नाक, वाळूत घुसून फक्त डोळे बाहेर काढून बसणारी. खरं तर ईलच नव्हे ती, कुळ वेगळं, पाठीवर बारीक काट्यांची रांग असते म्हणून काटेरी. शास्त्रीय नाव मॅक्रोग्नॅथस पँकालस, वाढून वाढून सात इंच, म्हणजे तीन फुटात बसते. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर वाम. पैसे देऊन आणलीस?" त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. त्यांच्या नदीतली वाम म्हणजे हिची थोरली चुलत बहीण, दोन-तीन फुटांची, आणि तिचं कालवण कसं करायचं ते मला त्या दिवशी टँकसमोर उभं राहून ऐकावं लागलं.

तर ह्या वामेबरोबर शांत म्हणून मी पाच झेब्रा लोच ठेवले. तेही आपलेच, पश्चिम घाटातले, बोटिया स्ट्रायाटा, कृष्णेच्या वरच्या अंगाला मिळतात. तीन-साडेतीन इंचाचे, पट्टेरी, कुशीवर आडवे पडून झोपतात (पहिल्यांदा बघणारा मेलाच समजतो), गोगलगायी खातात आणि खाताना टक् टक् आवाज करतात. तुम्ही घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की हा मासा आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला आहे आणि दुकानातले बरेचसे नदीतूनच पकडलेले असतात, माझे एका ओळखीच्यांनी टँक बंद केला त्यांच्याकडून आलेले. कोणी कोणाला चावत नव्हतं, कोणाचा पर फाटलेला नाही, काही नाही. मी खूश. रात्री दिवा बंद केला की फ्रोझन ब्लडवर्मचा, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांचा, एक क्यूब टाकायचा आणि झोपायला जायचं.

नऊ आठवडे गेले आणि एका रविवारी वाळू साफ करताना वाम बाहेर आली तर डोक्यामागे पाठीवर धार आलेली, सुरीसारखी. पोट आत. चार दिवसात गेली. मग मी एका रात्री मोबाईलच्या उजेडात बसून बघितलं, तर क्यूब खाली पोचायच्या आत पाचही लोच हजर, अर्ध्या मिनिटात सगळं साफ. वाम काय करते, आधी नाक बाहेर काढते, मग वास घेते, मग विचार करते, मग थोडी सरकते. तोवर जेवण संपलेलं. ती रोज रात्री रिकाम्या पंगतीला येत होती, आणि मला वाटत होतं आमच्या टँकमध्ये किती गुण्यागोविंदाने राहतात सगळे. दुकानात "काही पण खातो, गोळ्यापण खातो" असं ऐकून आणलेली, तिने एकही गोळी कधी तोंडात घेतली नाही. पण दुकानदाराला काय बोलायचं, माझ्या डोळ्यांसमोर होती ती नऊ आठवडे.

तेव्हापासून मी मासे निवडते ते जेवणाच्या हिशोबाने. कोण कुठे खातो, कधी खातो आणि किती भरभर खातो, बस. भांडण दिसतं हो, फाटलेला पर दिसतो, पण उपासमार दिसत नाही. आणि हे जे वेगळे मासे असतात ना, ते बहुतेक सगळे सावकाश, लाजरे, रात्रीचे आणि जिवंत खाणं मागणारे, म्हणून तर ते वेगळे वाटतात. त्यांच्याबरोबर टायगर बार्ब, डॅनिओ असे धावरे मासे घातले की संपलं. एलिफंट नोज सगळ्यांना हवा असतो, ती सोंडेसारखी हनुवटी बघून. त्या बिचाऱ्याचा मेंदूच शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी ६० टक्के खातो, विजेच्या बारीक लहरी सोडून अंधारात अन्न शोधतो, आणि आपण त्याला गप्पीच्या फ्लेक्सवर, म्हणजे सुक्या पापुद्र्यांच्या खाण्यावर, ठेवतो. तीन फुटीत तो नकोच.

म्हणून मी काय करते, आधी एकच हिरो ठरवते. जो सगळ्यात हळू खातो तो. बाकीच्यांनी त्याच्या ताटात हात घालायचा नाही, एवढी एकच अट. दुसरी वाम आणली तेव्हा लोच ओळखीतल्याच एकाच्या चार फुटीत गेले, आणि खालचा मजला पूर्ण वामेचा. अडीच इंच बारीक वाळू, चाळून आणि पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली. खडी नको, अंग खरचटतं आणि मग बुरशी. औषधंसुद्धा हिला सोसत नाहीत, तांब्याची तर अजिबातच नाही, म्हणून कोणताही नवीन मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा म्हणजे मुळात औषधाची वेळच येत नाही. जेवण म्हणजे बाल्कनीतल्या गांडूळखताच्या ड्रममधलं छोटं गांडूळ, रात्री साडेदहाला, पीव्हीसी पाईपमधून थेट तिच्या कोपऱ्यात. आता पाईप पाण्यात गेला की नाक बाहेर येतं.

वरचा मजला आफ्रिकन बटरफ्लायचा, पँटोडॉन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, चार-साडेचार इंचाचा, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून वाळक्या पानासारखा तासन्‌तास. एकच आहे माझ्याकडे. तोंड वरच्या बाजूला उघडतं त्यामुळे खाली काय पडलं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, वर पडेल ते त्याचं. त्याच्यासाठी दुकानातले छोटे क्रिकेट, म्हणजे रातकिडे, आणि पहिल्या पावसात ट्यूबलाईटवर ते पंखवाले किडे येतात ना, त्या दोन-तीन दिवसांत त्याची दिवाळी असते. घरात झुरळांचा स्प्रे मारत असाल तर मात्र घरातला किडा त्याला द्यायचा नाही. पोटाखाली त्याचे लांब दोऱ्यासारखे पर लोंबतात, ते चावणारा कोणी बरोबर नको, आणि फिल्टरने वरचं पाणी ढवळलेलं त्याला आवडत नाही म्हणून माझ्याकडे दोन स्पंज फिल्टर आहेत, हळू चालणारे.

मधे काचमासे, ग्लासफिश, परामबॅसिस रंगा. आठ आणले. हे आपल्याच देशातले, आरपार दिसतात, मणका मोजता येतो. पूर्वी निळे-गुलाबी मिळायचे ते सुईने रंग टोचलेले असायचे, अजून कुठे दिसले तर घेऊ नका. त्यांना मीठ लागतं असं सगळे सांगतात, माझे साध्या नळाच्या पाण्यात मजेत आहेत, नद्या-तळ्यांतलाच मासा आहे तो. फक्त झुंडीने हवेत, दोन-तीन आणले की घाबरून कोपऱ्यात बसतात. आणि फ्लेक्सकडे ढुंकून बघत नाहीत. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी बाल्कनीत बादलीत डासांच्या अळ्या पाळल्या होत्या, मोठ्या हुशारीने. डेंग्यूची तपासणी करणारे आले आणि त्यांनी माझ्यासमोर बादली मोरीत ओतली, वर शेजारच्या काकूंसमोर पाच मिनिटं ऐकवलं, आणि बरोबरच होतं त्यांचं. आता आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, अंडी फोडते, मीठपाण्याच्या बाटलीत बुडबुड्यांचा एअरस्टोन सोडून, दीड दिवसात पिल्लं निघतात. फ्रोझन ब्लडवर्मपण आहेत, फ्रीजरमध्ये, मटारच्या मागे, डबा वेगळा आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कारण एकदा नवऱ्याने... जाऊ दे.

लाकडाच्या कोपऱ्यात बॅडिसची एक जोडी आहे. दोन-अडीच इंचाचे, गंगेच्या खोऱ्यातले, नर मूड बदलला की रंग बदलतो, सकाळी विटकरी, आपण जवळ गेलो की काळपट निळा. तेही सावकाश खाणारे. त्यांना पिपेटने समोर नेऊन द्यावं लागतं. म्हणजे एकूण मी रोज चार ठिकाणी वेगवेगळं वाढते. हे जमणार नसेल तर सरळ गप्पी, प्लॅटी ठेवा, त्यात काही कमीपणा नाही, माझ्या बहिणीचा गप्पीचा टँक माझ्यापेक्षा सुंदर दिसतो.

मिस केरळा चालेल का, हे दर दुसरा माणूस विचारतो. लालभडक पट्टा, पिवळी-काळी शेपटी, दिसतो देखणाच. ह्या माशाच्या गटाला २०१३ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलं सह्याद्रिया, आपल्या सह्याद्रीवरून, तेवढं ऐकूनच मला घ्यावासा वाटला होता. पण तोही धोक्यात आलेला, सहा जणांच्या कमी ठेवायचा नाही, चार-पाच इंच वाढतो, सतत पळतो म्हणजे चार फुटी टँक हवा, आणि जेवताना नुसता झपाटा. वामेबरोबर तर नकोच नको. पी पफर? केरळचा, जेमतेम इंचभर, गोंडस, आणि दुसऱ्यांचे पर कुरतडणारा. त्याचा त्याला छोटा वेगळा टँक द्या, तिथे राजा. बंबलबी गोबी मचूळ पाण्यातला, तो ह्या सगळ्यांत बसत नाही.

झाकण विसरू नका. वाम आणि बटरफ्लाय, दोघंही टँक सोडून जाणारे, एक फटीतून आणि एक उडी मारून. माझी दुसरी वाम फिल्टरच्या वायरीच्या फटीतून निघाली आणि पहाटे सासूबाईंना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दिसली. त्या "साप साप" ओरडल्या, नवरा झाडू घेऊन धावला, मी ओल्या फडक्यात उचलून परत सोडली. अंगाला धूळ चिकटलेली, तरी जगली. तेव्हापासून वायरीच्या प्रत्येक फटीत स्पंज कोंबलेला आहे. सासूबाई आता तिला "आमची वाम" म्हणतात, कालवणाचा विषय बंद.

पाण्याचं फार लिहित नाही, ते तुम्हाला माहितीच असेल. क्लोरीन काढायचं, टँक चार-सहा आठवडे माशांशिवाय चालवून घाण पचवणारे जिवाणू बसू द्यायचे आणि मगच मासे, दर रविवारी पाव पाणी बदलायचं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर बटरफ्लायचा नाद सोडा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोनशे-तीनशेत मिळतो, आधी तो घ्या.

आणि एक सांगायचं राहिलंच, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की माझं सगळं छान चाललंय. काचमासे आठ आणले म्हटलं ना, परवा मोजले तर सात. झाकण बंद, फटीत स्पंज जागच्या जागी, वाळू चाळून बघितली, लाकूड उचललं, कुठे काही नाही. सगळ्यात लहान होता तोच गेलाय, आणि तो हल्ली संध्याकाळी जरा वर वर फिरायचा. बटरफ्लाय नेहमीसारखाच वाळक्या पानासारखा पडून आहे, फक्त काल त्याने क्रिकेटला तोंड लावलं नाही. आज रात्री परत मोजणार आहे.