चित्रपट उदारमतवादी कशावरून म्हणायचा? छाननीचा माझा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या चित्रपट मंडळाने वर्षाच्या खेळांसाठी ‘उदारमतवादी चित्रपट’ हा विषय धरला आणि आलेल्या २४ नावांतून ८ निवडायचं काम माझ्याकडे आलं. नावं सुचवणाऱ्यांनी विषय बघून सुचवली होती. नायिका बंडखोर, नायक दलित, खलनायक पुढारी, म्हणजे चित्रपट उदारमतवादी. या रीतीने गेलं की लगेच घोळ होतो. बलात्काराच्या आरोपीला पोलीस अधिकारी रस्त्यात गोळी घालतो आणि थिएटर टाळ्यांनी भरून जातं, अशा चित्रपटाचा विषय स्त्रीचा सन्मान असतो. पण आरोपीला वकील नाही, पुरावा कोणी तपासलेला नाही, गोळी घालणाऱ्याला जाब विचारणारं कोणी नाही. बाईला न्याय मिळावा ही तळमळ खरी असली तरी चित्रपटाची घडण उदारमतवादाच्या उलट आहे.

म्हणून आधी शब्द नक्की केला. पुरोगामी, डावा आणि उदारमतवादी हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. डाव्या चित्रपटात भांडण मालकी कोणाची यावर असतं आणि माणूस आपल्या वर्गासकट उभा असतो. पुरोगामी चित्रपट रूढी मोडायला सांगतो. उदारमतवादी चित्रपटाचा भर व्यक्तीच्या निवडीवर, सत्तेला नियमाने बांधण्यावर आणि विरोधी मताला जागा देण्यावर असतो. एखादा चित्रपट तिन्ही असू शकतो, पण एक आहे म्हणून दुसरा आपोआप होत नाही. परदेशी परीक्षणं वाचताना जास्तच जपावं लागतं. अमेरिकेत रूझवेल्टच्या न्यू डीलपासून (१९३० च्या दशकातल्या मंदीवरच्या सरकारी योजनांपासून) ‘लिबरल’ म्हणजे दुबळ्यांसाठी सरकारने पुढे यावं असं मानणारा. युरोपात बऱ्याच ठिकाणी हाच शब्द खुल्या बाजाराच्या पक्षांना लावतात.

आम्हाला अर्थासाठी लांब जावं लागलं नाही. १९३० मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा आणि १८ जून १९४६ ची राममनोहर लोहियांची मडगावची नागरी स्वातंत्र्याची सभा, या दोन गोष्टी समोर ठेवल्या. बोलण्याचा, जमण्याचा, छापण्याचा हक्क, हा त्यातला गाभा. लोहिया समाजवादी होते, पण त्या दिवशीची मागणी उदारमतवादी होती. माणसावरचा शिक्का आणि मागणीचा स्वभाव वेगळा असू शकतो, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं राहिलं.

मग बघणं. प्रत्येक चित्रपट दोनदा. पहिल्यांदा हातात पेन न घेता, सलग. दुसऱ्यांदा थांबवत, प्रसंगागणिक तक्ता भरत. दोन तासांच्या चित्रपटाला हे दुसरं बघणं चार-साडेचार तास घेतं, एका बैठकीत उरकू नये. तक्त्यात पाच रकाने ठेवले: वेळ, निर्णय कोणी घेतला, कशाच्या जोरावर घेतला (वाद, कायदा, पैसा, मारामारी, योगायोग), विरोधकाला स्वतःचं कारण सांगता आलं का, आणि किंमत कोणी मोजली. भाषणं मुद्दाम लिहून घेतली नाहीत. नायकाच्या तोंडी संविधान घालायला लेखकाला दहा मिनिटं पुरतात. तिसरा रकाना मात्र खोटं बोलत नाही. भाषण कितीही समतेचं असलं तरी शेवटचे चार निर्णय मुठीने झाले असतील तर ते तिथे दिसतंच.

प्रत कोणती बघतो हेही तपासा. सेन्सॉर प्रमाणपत्रावर त्रिकोण असेल तर चित्रपटाला कात्री लागलेली असते. टीव्हीवर त्यातून आणखी प्रसंग गेलेले असू शकतात, आणि वादाचा प्रसंग बहुधा आधी जातो. इंग्रजी सबटायटलवर विसंबलात तर तू, तुम्ही, आपण यांतला फरक सपाट होतो. बायको नवऱ्याला ‘अहो’वरून ‘तू’वर कधी आली, मालकाने गड्याला पहिल्यांदा ‘तुम्ही’ कधी म्हटलं, यातच कधी कधी सगळं राजकारण असतं. कोकणी आणि मराठी चित्रपटांना आम्ही सबटायटल बंदच ठेवली.

सगळ्यात अवघड चौथा रकाना, विरोधकाच्या कारणाचा. तो समजावण्यासाठी मी १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल पुढे केला: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (निशाणी फूल) की वेगळा ठेवायचा (निशाणी दोन पानं). दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. त्यावर उद्या चित्रपट झाला आणि त्यात फुलाला मत देणारा प्रत्येक जण मूर्ख किंवा विकला गेलेला दाखवला, तर तो दोन पानांच्या बाजूचा चित्रपट होईल, उदारमतवादी होणार नाही. उलट बाजूनेही तेच. आमच्या मंडळात दोन्हीकडच्या घरांतली माणसं आहेत, त्यामुळे कसोटी फार समजवावी लागली नाही.

या कसोटीवर ‘कोर्ट’ (२०१४) घट्ट उभा राहतो. शाहिरावरच्या खटल्यात कॅमेरा बचावाच्या वकिलाबरोबर जातो तसाच सरकारी वकील बाईंबरोबर लोकलमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात जातो. त्यांची मतं आपल्याला खटकतात, पण त्या राक्षस होत नाहीत. न्यायालयावर चित्रपटाचा विश्वास नाही, म्हणून तो यादीतून काढा, असं एकाने सुचवलं. मला ते पटलं नाही. न्यायालयाने स्वतःच दिलेल्या शब्दाशी चित्रपट त्याला ताडून बघतो, हे उदारमतवादी कामच आहे.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) सगळ्यांनी डोळे मिटून धरला होता. खुनाचा आरोप असलेला मुलगा दोषी आहे का, यावर बारा ज्यूररांचा (निकाल देणाऱ्या नागरिकांचा) ११ विरुद्ध १ पासून सुरू झालेला वाद, आणि मुलगा निर्दोष होता की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. वाजवी संशय उरला एवढंच ठरतं. पण तक्त्यात एक नोंद अडली. आठव्या ज्यूररने मुलाच्या वस्तीत जाऊन तसाच चाकू स्वतः विकत आणलेला असतो. ज्यूररने परस्पर तपास करायचा नसतो, आणि तो चाकू घेणंही बेकायदा होतं, हे तो स्वतः कबूल करतो. म्हणजे नियमाचा सर्वांत मोठा कैवारी नियम मोडतो. चित्रपट ठेवला, पण चर्चेची सुरुवात इथूनच करायची अशी चिठ्ठी लावून.

करणाऱ्याच्या मतांवरून निर्णय घेऊ नये, हे ‘हाय नून’ने (१९५२) दाखवलं. त्याचा लेखक कार्ल फोरमन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवूडच्या काळ्या यादीत गेला, म्हणून तो त्या काळच्या संशयसत्रावरचा चित्रपट म्हणून वाचला जातो. तोच अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना आवडायचा आणि क्लिंटननाही. १९८९ च्या निवडणुकीत पोलंडच्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीने त्यातला नायक गॅरी कूपरचं चित्र पोस्टरवर घेतलं. गुंडांपुढे एकटा उभा राहणारा गावचा मार्शल (पोलीस अधिकारी) कोणालाही आपला वाटतो. तक्त्यात मात्र शेवटचा निर्णय बंदुकीचा आहे आणि गावाने चर्चा करून त्याला एकटं टाकलेलं आहे. आम्ही तो वगळला.

खरी कुस्ती ‘कुंकू’वर (१९३७) झाली. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा संसार नाकारते. तिचा नकार तिचा स्वतःचा आहे. काकासाहेबांचं मन बदलतं ते धाकाने नाही, तिच्या ठाम वागण्याने. विरोधकाला इतकी माया त्या काळच्या चित्रपटात क्वचित मिळते. पण तिची सुटका होते ती त्यांच्या आत्महत्येने. पाचव्या रकान्यात (किंमत) त्यांचं नाव, आणि दुसऱ्यातही (निर्णय) त्यांचंच. शेजारी ‘उंबरठा’ (१९८२) ठेवला की फरक दिसतो. सुलभा नोकरी सोडते, घरी परतते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली बघते आणि पुन्हा बाहेर पडते. दोन्ही रकान्यांत तीच. मी ‘कुंकू’ वगळायच्या बाजूने होतो. मग लक्षात आलं की हिंदूंना घटस्फोटाची सर्वसाधारण तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाली. १९३७ मध्ये नीरासाठी कायद्याचं दारच नव्हतं. लेखकाने दार लपवलं नाही, ते नसल्याचं दाखवलं. त्या दिवसापासून तक्त्याला सहावा रकाना जोडला: त्या काळी, त्या ठिकाणी, पात्रापुढे कोणते मार्ग खुले होते.

गुण दिले नाहीत. सुरुवातीला दहापैकी देऊन बघितले, पण ‘कोर्ट’ आणि ‘कुंकू’ दोघांनाही सात आल्यावर त्या सातातून काही कळेना. आता प्रत्येक नावापुढे एक वाक्य असतं. ‘कुंकू’पुढे लिहिलंय: नकार तिचा, सुटका त्याच्या हातची, कायदा गैरहजर.